पन्नाशीनंतरचे कपडे : नेटके, आजच्या काळातले आणि अंगावर नीट बसणारे कसे मिळवावेत?

सांजवेळ (पुणे)

नमस्कार. माझे वय 52 आहे. मी पुण्यातील एका महाविद्यालयात शिकवते, दिवसातले चार-साडेचार तास उभी असते आणि ये-जा दुचाकीवरून करते. गेल्या काही वर्षांत मनासारखे कपडे मिळणे मला फार अवघड झाले आहे, म्हणून इथल्या जाणत्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

दुकानात गेले की साधारण दोन प्रकारचा माल समोर येतो. एकीकडे विशी-पंचविशीतल्या मुलींसाठी बेतलेले कुर्ते असतात. त्यांना बाही आखूड असते किंवा नसतेच, पाठीचा गळा खोल असतो आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग) इतका घट्ट असतो की फळ्यावर लिहायला हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. दुसरीकडे, माझ्याकडे एकवार पाहून विक्रेता ‘तुमच्यासाठी’ म्हणून जे काढतो, ते सगळे मरून किंवा मातकट रंगाचे, छातीवर भरगच्च भरतकाम केलेले आणि वरपासून खालपर्यंत कसलाही आकार नसलेले असते. या दोहोंच्या मधले काही असते की नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरी अडचण शरीराची आहे. रजोनिवृत्तीच्या काळात माझे पोट आणि दंड भरले, पण खांदे पूर्वीइतकेच अरुंद राहिले. छातीच्या मापाने कुर्ता घेतला तर खांदा दंडावर उतरतो आणि खांद्याच्या मापाने घेतला तर पोटावर ताणतो. त्यातच अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, तेव्हा कृत्रिम धाग्याचे कापड क्षणभरही सहन होत नाही.

मला वयापेक्षा लहान दिसण्याची हौस नाही. वर्गात उभी राहिले की माझे कपडे विचार करून निवडलेले, आजच्या काळातले आणि माझ्या कामाला शोभणारे वाटावेत, एवढीच इच्छा आहे. साडी फार आवडते, परंतु दुचाकीवर रोज नेसून जाणे जमत नाही. कोणते काट, कोणते कापड आणि शिवून घ्यायचे असल्यास शिंप्याला नेमके काय सांगावे, हे कृपया सविस्तर लिहावे.

धागादोरा (नाशिक)

सांजवेळताई, तुमच्या प्रश्नातले अर्धे उत्तर तुम्हीच दिले आहे. खांदे अरुंद राहिले आणि पोट-दंड भरले, हा पन्नाशीच्या आसपास असंख्य स्त्रियांना येणारा अनुभव आहे. तयार कपड्यांचे बहुतेक साचे मात्र एका तरुण अंगलटीवर बेतून पुढे सगळीकडून सारख्या प्रमाणात वाढवलेले असतात. त्यामुळे मोठे माप घेतले की पोटाबरोबर खांदा, गळा आणि बाहीची लांबीही वाढते. दोष तुमच्या शरीरात नसून त्या साच्यात आहे. आपल्याकडे कपड्यांच्या मापांचे सर्वमान्य प्रमाणच रूढ नव्हते, म्हणून तर निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 15 ते 65 वयोगटातील सुमारे 25,000 भारतीयांची शरीरमापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. सध्या तरी एका कंपनीचे ‘एल’ दुसरीच्या ‘एक्स-एल’इतके असू शकते, तेव्हा लेबलवरचे अक्षर विसरून टेपवर विश्वास ठेवावा.

तयार कुर्ता घेताना सर्वांत आधी खांदा पाहावा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, कारण तो भाग नंतर दुरुस्त करायला बाही उसवावी लागते आणि ते काम प्रत्येक शिंपी नीट करत नाही. मग कुर्ता उलटा करून बाजूच्या शिवणीत किती कापड सोडले आहे ते बघावे. दोन्ही बाजूंना इंचभर कापड असेल तर पोटावर तो सैल करता येतो आणि काहीच सोडले नसेल, तर कितीही आवडला तरी ठेवून द्यावा. बाजूचा कट कुठून सुरू होतो तेही महत्त्वाचे आहे. तो पोटाच्या सर्वांत भरलेल्या भागाच्या थोडा वर सुरू झाला तर कापड ताणत नाही.

परंतु माझे प्रामाणिक मत असे, की तुमच्यासारख्या अंगलटीला शिवून घेणे हाच खरा उपाय आहे. मात्र ‘माप घ्या आणि शिवा’ एवढ्यावर ते सोडू नये. पहिला कुर्ता मांजरपाटाचा, म्हणजे जाड्याभरड्या स्वस्त सुती कापडाचा, शिवून घ्यावा. तो घालून बसावे, वाकावे, दुचाकीच्या हँडलवर धरल्यासारखे हात पुढे करावेत, फळ्यावर लिहिल्यासारखा हात उंच करावा. कुठे ओढते, कुठे घोळ पडतो, त्या जागी खडूने खुणा कराव्यात आणि शिंप्याकडून त्या दुरुस्त करून घेऊन त्याच मापांचा कागदी साचा कापून घ्यावा. या एका साच्यावर पुढची कित्येक वर्षे कुर्ते शिवता येतात, गळा आणि बाही तेवढी बदलत राहायची. यात पैसा थोडा आणि धीर जास्त लागतो, पण रोज अंगावर बाळगायच्या वस्तूसाठी तो नक्की द्यावा.

हात वर केल्यावर कुर्ता वर येतो याचे कारण बहुधा मुंढा फार खोल असणे हे असते. ऐकायला उलटे वाटेल, पण मुंढा काखेच्या जवळ असेल आणि बाहीचा दंड सैल असेल, तर हात मोकळा फिरतो. खोल मुंढ्याचा कुर्ता हात उचलताच कडेची शिवण ओढून घेतो. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांमध्ये काखेत चौकोनी तुकडा जोडत असत, तो आजही जोडून मागता येतो आणि भरल्या दंडाला त्याने फार आराम मिळतो. बाही कोपराच्या तीन-चार बोटे खाली संपणारी ठेवावी. वर्गात ती नीटस दिसते आणि खडू हातात असला तरी मध्ये येत नाही. छातीला टक्स (आकार देण्यासाठी आतून घातलेल्या चिमटीसारख्या शिवणी) घ्यायला सांगावेत, कारण आकार नसलेला सैल कुर्ता शरीर लपवत नाही, उलट आहे त्याहून मोठे दाखवतो.

कापडाचा हिशेब साधारण असा आहे : 44 इंच पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर गुडघ्याखालच्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर पुरते, हातमागाचा अरुंद पन्हा असेल तर तीन मीटर घ्यावे. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून पाण्यातून काढावे, नाहीतर इतक्या कष्टाने बसवलेले माप पहिल्या धुण्यात आटते. आणि दोन्ही बाजूंना खिसे अवश्य मागावेत.

वैनगंगा (भंडारा)

धागादोराताईंनी काटाविषयी इतके छान लिहिले आहे, की मी कापडाकडेच वळते, कारण आमच्या भागात कापड हाच जिव्हाळ्याचा विषय आहे.

तुम्हाला उष्णतेचा त्रास होतो, म्हणून रोजच्यासाठी हातमागाचे सुती कापड सर्वांत बरे. आंध्र प्रदेशातल्या मंगळगिरीचे सुती कापड घट्ट विणीचे असते, अंगाला चिकटत नाही आणि त्याचा बारीक जरीकाठ कुर्त्याच्या घेराला किंवा बाहीला आला की वेगळ्या भरतकामाची गरजच राहत नाही. महेश्वरी कापडात बहुधा ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, त्यामुळे त्याला सौम्य चकाकी येते आणि तरी ते हलके राहते. महाविद्यालयातल्या एखाद्या समारंभाला महेश्वरीचा साधा लांब कुर्ता आणि सरळ पँट इतके पुरेसे होते. रेयॉन दुकानात हाताला मऊ लागते, पण चार धुण्यांत लोंबते, म्हणून ते घरासाठी ठेवावे.

आमच्याकडच्या करवतकाठीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात, आंधळगावसारख्या गावांमध्ये, कोसा रेशमाची ही साडी विणली जाते. काठ आणि अंग यांचे बाणे वेगवेगळे असतात आणि ते तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या साधनांनी) एकमेकांत अडकवून विणतात, म्हणूनच काठाचा रंग अंगात न मिसळता ठसठशीत राहतो आणि करवतीच्या दात्यांसारखी कड उमटते. कोशाचा मूळचा मधाळ रंग पन्नाशीतल्या सावळ्या, गव्हाळ, कोणत्याही कांतीला खुलून दिसतो आणि ही साडी कोणत्याही वर्षीच्या फॅशनवर अवलंबून नसते. वर्षातल्या मोजक्या प्रसंगांसाठी एक करवतकाठी घ्यावी आणि तिच्यावर गडद निळा किंवा काळा, कोपरापर्यंत बाहीचा ब्लाउज शिवावा.

खण आणि इरकल हल्ली पुष्कळ चालतात आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र खणाचा पूर्ण कुर्ता भरल्या अंगावर जड दिसतो. त्यापेक्षा साध्या सुती कुर्त्याला खणाचा गळपट्टा किंवा कफ लावावा. बाजारातला पुष्कळसा खण यंत्रमागावरचा आणि कृत्रिम धाग्याचा असतो, म्हणून विणकर कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड या खणासाठी प्रसिद्ध गावाचे आहेत का आणि धागा कोणता आहे, हे विचारूनच घ्यावे. हातमागाची खूण असलेले लेबल 2006 पासून मिळते, तेही पाहावे. अजरख आणि कलमकारी या छपाईच्या कापडांचा रंग सुरुवातीला निघतो, तेव्हा ती पहिल्या काही वेळा वेगळी धुवावीत.

गोकर्ण (मुंबई)

मी पासष्टीच्या पुढे आहे आणि मला मूळ प्रश्नातल्या एका गृहीतकाबद्दल लिहायचे आहे. वयाला शोभणारे म्हणजे काय, हे आपल्यासाठी नेहमी दुसऱ्यांनीच ठरवले. आपल्याच समाजातल्या काही जातींत एके काळी विधवेला आलवण या साध्या तांबड्या लुगड्याखेरीज दुसरे वस्त्र नव्हते. माझ्या आईच्या पिढीत मुलीचे लग्न झाले की आईने फिके रंग नेसावेत, असा न लिहिलेला नियम होता आणि चाळिशीतल्या सुंदर बायका त्यापायी राखी आणि बदामी रंगात विरून गेल्या. दुकानदार ‘तुमच्यासाठी’ म्हणून मातकट रंग काढतो, ते त्याच नियमाचे उरलेले शेपूट आहे. ते नाकारण्यात कसलाही संकोच बाळगू नका.

रंगाबद्दल एक उपयोगी गोष्ट सांगते. केस पांढरे होऊ लागले की चेहऱ्याभोवतीची गडद चौकट निघून जाते, म्हणून पूर्वी खुलणारे काही फिके रंग आता चेहरा आणखी निस्तेज करतात. अशा वेळी मोरपंखी, गडद जांभळा, जांभूळ-गुलाबी, शाईसारखा निळा आणि स्वच्छ पांढरा हे रंग गळ्याजवळ असावेत. मातकट रंग आवडतच असतील तर ते कमरेखाली वापरावेत. कापड नेहमी दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात गळ्याशी धरून पाहावे, कारण आतल्या दिव्यांत दिसणारा रंग पुष्कळदा खरा नसतो.

धागादोराताईंच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त पाऊण बाही सर्वांनी घ्यावीच असे मला वाटत नाही. मुंबईच्या दमट हवेत मी आजही बिनबाह्यांचे ब्लाउज घालते आणि दंड भरलेले आहेत म्हणून ते झाकले पाहिजेत, हे मला मान्य नाही.

कब्बनकाठ (बेंगळुरू)

कुर्त्याखाली काय घालावे हे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात सांगते. चिकटून बसणाऱ्या लेगिंगऐवजी सरळ, घोट्याच्या वर संपणारी सुती पँट शिवून घ्यावी. पुढून सपाट पट्टा, मागून इलॅस्टिक आणि कंबर नाभीच्या जरा खाली, असे सांगितले की ती पोटावर रुतत नाही आणि वरून नेटकी दिसते. अशा पँटवर कुर्ता गुडघ्याच्या थोडा वर ठेवला तर दुचाकीवर बसणेही सोपे जाते. थंडीत यावर खादीचे बिनकॉलरचे जाकीट चालते आणि ते पुढून उघडे असल्याने वाफा येऊ लागल्या की लगेच काढता येते.

सांजवेळ (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. गोकर्णताई, तुमचे म्हणणे मला पटले आणि प्रश्न विचारताना मी ‘शोभणारे’ म्हणाले ते कामाच्या संदर्भात होते, हेही नोंदवते. वर्गात बिनबाह्यांचे घालायला माझे मन धजत नाही, पण मोरपंखी रंग मी अनेक वर्षे टाळला होता, तो आता घेईन.

मांजरपाटाचा नमुना शिवायची कल्पना फार आवडली. एक शंका आहे : जुन्या इरकल साड्या माझ्याकडे आहेत, त्यांचे अंग विरले आहे पण काठ आणि पदर शाबूत आहेत. त्यांचा कुर्त्यासाठी उपयोग होईल का?

धागादोरा (नाशिक)

होईल, पण अंगाच्या कापडाचा संपूर्ण कुर्ता शिवू नका. विरलेले सूत मुंढ्यापाशी आणि बसण्याच्या जागी पहिल्यांदा फाटते. काठ दोन्ही कडांनी अर्धा इंच जादा ठेवून कापावा आणि नव्या सुती कुर्त्याच्या घेराला किंवा बाहीच्या टोकाला लावावा. त्याआधी काठ आणि नवे कापड दोन्ही पाण्यातून काढून घ्यावे, म्हणजे एक आटून दुसऱ्याला चुण्या पडणार नाहीत. पदराचे कापड बहुधा अंगापेक्षा कमी झिजलेले असते. त्याला पातळ अस्तर लावून त्याचे बिनबाह्यांचे जाकीट होते, फक्त लाल पदराचा रंग निघतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधी पाहावे. शिंपी काठ लावायला कुरकुरला तर रविवार पेठेत लेस आणि काठ विकणाऱ्यांकडे चौकशी करा. असे काम नीट करणारे कारागीर त्यांना सहसा माहीत असतात.