प्रतिजैविक-रोधावरचे बहुदेशी प्रकल्प: पहिला पैसा व्यवस्थापनाला द्यावा का?

उणेऐंशी
प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवरच्या एका चार देशांच्या प्रकल्पाचं समन्वयन मी सहा वर्षं करतेय. माझं मत सरळ मांडते: निधी मंजूर झाला की आधी पूर्णवेळ समन्वयक नेमावा, बाकीचं नंतर. संशोधकांनी हे काम फावल्या वेळात उरकावं ही अपेक्षा आता सोडायला हवी.

२०११ मध्ये सुरू झालेल्या जेपीआयएएमआर या प्रतिजैविक-रोधावरच्या बहुदेशी संशोधन उपक्रमात साधारणपणे प्रत्येक देशाची निधीसंस्था आपापल्या संशोधकांना पैसे देते. आमचा प्रकल्प त्यातला नाही, पण घडण तीच. प्रस्ताव एक, पण करार चार, सुरुवातीच्या तारखा चार, हिशेबाचे तक्ते चार. एका भागीदाराचे पैसे सात महिने उशिरा आले. बाकीच्यांचे नमुने गोळा होऊन बसले होते आणि जिथे त्यांचा जनुकक्रम वाचायचा, तिथे अजून माणूसच नेमलेला नव्हता.

त्यानंतरची खेप तर डोळ्यांसमोरून जात नाही. खोक्यावर जैविक नमुन्यांसाठीची यूएन ३३७३ ही खूण होती, कोरडा बर्फ भरपूर होता, सगळं नियमाप्रमाणे. फक्त नमुने-हस्तांतरणाच्या करारावर सही विभागप्रमुखांची होती, हवी होती संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीची. खोकं नऊ दिवस कस्टममध्ये पडून राहिलं. उघडलं तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता, लेबलं ओलावून सुटली होती. निम्म्याहून जास्त नमुन्यांतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढलेच नाहीत. ते रुग्णांच्या रक्तातून मिळालेले जिवाणू होते, पुन्हा कुठून आणणार?

सूक्ष्मदर्शी
तुमची तळमळ पोचली, तरी सहमत नाही. २०१९ मध्ये औषधरोधामुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेला अंदाज आहे. आजार एवढा मोठा आणि निधी तुटपुंजा असताना एक पूर्णवेळ समन्वयक म्हणजे प्रयोगशाळेतला एक माणूस कमी. शिवाय समन्वयक आला की अहवाल वाढतात, हे मी तीन प्रकल्पांत पाहिलं. तिमाही अहवाल, सहामाही अहवाल, त्यांवरची बैठक, बैठकीचं इतिवृत्त. कागदी घोडे नाचवण्यात आमचे वर्षाकाठी कित्येक आठवडे जातात.

खरा आक्षेप वेगळाच आहे. हे समन्वय कार्यालय असतं कुठे? बहुतेक वेळा श्रीमंत देशातल्या विद्यापीठात. म्हणजे व्यवस्थापनाच्या नावाने पैसा तिथेच राहतो, आणि नमुने पाठवणाऱ्या प्रयोगशाळेला विजेच्या बिलापुरताही आधार मिळत नाही. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात सापडलेल्या, प्रतिजैविकं निकामी करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, आणि २०१० मध्ये त्यावरून केवढं वादंग झालं ते आठवा. नमुना कुणाचा, नाव कोण देणार, आधी कोण छापणार, हे ज्याच्या हाती कार्यालय तोच ठरवतो.

कल्चरप्लेट
दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण समन्वयक कोण असावा यावर कुणी बोलत नाही.

कोणता जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो, याचे दोन देशांचे निकाल आम्ही एका तक्त्यात आणत होतो. दोन्हीकडे काही नमुन्यांपुढे ‘आय’ लिहिलेलं. तीन आठवडे आम्ही ते एकत्र मोजत राहिलो. मग कुणीतरी विचारलं, दोघांची मानकं एकच आहेत ना? नव्हती. युकास्ट या युरोपीय मानकाने २०१९ पासून ‘आय’चा अर्थ बदलला: औषधाचा संपर्क वाढवला, म्हणजे मात्रा जास्त दिली, तर जिवाणू दाद देतो. सीएलएसआय या अमेरिकी मानकात मात्र ‘आय’ म्हणजे अधलामधला. अक्षर एक, डॉक्टरला मिळणारा सल्ला वेगळा. सगळं पुन्हा केलं, तेही औषधाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये नोंदलेला होता म्हणून जमलं.

कच्चा आकडा ठेवायचाच, हा नियम पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. नुसता हिशेब जाणणारा माणूस तो करू शकत नाही. त्या खुर्चीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं कुणीतरी हवं.

उणेऐंशी
@कल्चरप्लेट, शंभर टक्के. मी स्वतः प्रयोगशाळेतूनच इकडे आले.

@सूक्ष्मदर्शी, पैसा एकाच देशात राहतो हा आक्षेप मला मान्य आहे. मग कार्यालय नमुने देणाऱ्या देशात ठेवा, किंवा दोन ठिकाणी. लेखकांचा क्रमही पहिला नमुना हलण्याआधी लिहून ठेवा. पण ‘एक माणूस कमी’ हे पटत नाही. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावरच्या निओऑब्स अभ्यासात ११ देशांतली १९ रुग्णालयं आणि ३,२००हून जास्त बाळं होती. एकोणीस ठिकाणी एकाच पद्धतीने नोंद होणं हे कुणाच्या फावल्या वेळाचं काम नाही.

सूक्ष्मदर्शी
कार्यालय तिकडे नेणार असाल तर माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा कायम आहे. गरीब देशांतल्या औषधरोधाच्या देखरेखीला पैसे देणारा ब्रिटनचा फ्लेमिंग फंड २०१५ मध्ये सुरू झाला, २०२५ मध्ये तो बंद करण्याचं जाहीर झालं. निधी आटला की समन्वयकाचा करार आधी संपतो. नमुने मात्र उणे ८० अंशांवरच राहायला हवेत. तुमच्या प्रकल्पाची मुदत संपल्यावर फ्रीजरचं बिल कोण भरणार, हे कुठे लिहिलंय का?

उणेऐंशी
नाही लिहिलेलं. आमच्या करारात नमुन्यांची मालकी आहे, ते नष्ट करायची पद्धत आहे, पण साठवणीचा खर्च प्रकल्पाच्या मुदतीपुरताच धरलाय. आमचे चार फ्रीजर तीन देशांत आहेत आणि मुदत चौदा महिन्यांनी संपतेय. गुरुवारच्या बैठकीत हा पहिला विषय घेते. चारही संस्थांचं काय म्हणणं पडतं ते इथेच लिहीन.