रायडिंग गिअरचं दुकान विकलं गेलं, तुमचं काय झालं? (अनुभव धागा, नागपूर आणि आसपास)

मागच्या महिन्यात पेंचहून परतताना मनसरच्या अलीकडे ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि माझ्या हेल्मेटचा व्हायझर, म्हणजे समोरची काच, तडकला. दुसऱ्या दिवशी धरमपेठेतल्या नेहमीच्या दुकानात गेलो. पाटीवर नाव तेच. आत मात्र मुलं नवी, आणि त्यांच्या शर्टावर दुसऱ्याच कंपनीचं नाव. सात-आठ महिन्यांपूर्वी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं दुकान विकत घेतलं, हे मला तिथे उभ्या-उभ्या कळलं.

आयएसआय खूण नसलेली हेल्मेटं विकायला 1 जून 2021 पासून बंदी आली, त्याच महिन्यात मी हे हेल्मेट घेतलं होतं, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. जुने मालक, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, फीत घेऊन भुवयांच्या वरून डोकं मोजायचे. मग हेल्मेट घालून दहा मिनिटं स्टुलावर बसवायचे. ‘गाल दाबला पाहिजे, कपाळ दुखलं नाही पाहिजे,’ हे त्यांचं वाक्य. माप, डोक्याचा आकार, घेतल्याची तारीख, सगळं एका लांब वहीत लिहायचे. पाच वर्षं झाली की स्वतः फोन करून सांगायचे की आता हेल्मेट बदला, आतला थर्मोकोल बसला असेल.

त्यांनी मला तोंडी सांगितलं होतं, पाच वर्षांत व्हायझर गेला तर मी देईन. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘सर, सिस्टीममध्ये असं काही दिसत नाही.’ ते मॉडेलही त्यांनी ठेवणं बंद केलंय. त्याचा काही दोष नाही. पण तिथून निघताना मला खरंच वाईट वाटलं.

तुमच्यापैकी कुणाचं दुकान असं विकलं गेलंय? हमीचं, पॉइंट्सचं, दुरुस्तीचं काय झालं? चांगलं झालं असेल तर तेही लिहा. दुकानांची नावं घालू नका, नाहीतर चर्चा भांडणावर जाते.

महाल, वय 63

मी येझदीपासून गाडी चालवून राहिलो. जॅकेट वापरायला लागलो ते पोरानं हट्ट धरला म्हणून. जुन्या दुकानात चेनचा रनर गेला की जॅकेट ठेवून यायचं. ते गांधीबागेतल्या एका उस्तादाकडून करून आणत. साठ-सत्तर रुपये, दोन दिवस. आता तिथे गेलो तर पोरगी म्हणते, काका, रिपेअर आपल्याकडे होत नाही, जुनं दाखवलं की नव्यावर दहा टक्के सूट आहे. मी म्हटलं, बेटा, जॅकेटला काहीच झालं नाही ना, रनर गेला फक्त. तिला माझं म्हणणं पटलं, पण तिच्या हातात काही नव्हतं. शेवटी उस्तादाचं दुकान मीच शोधत गेलो. त्यांनी सांगितलं, त्या दुकानातून येणारं काम पूर्ण बंद झालं.

मनीषनगर, शिक्षिका

मी दुसरी बाजू लिहिते. जुन्या दुकानात मी तीनदा गेले, तिन्ही वेळा ‘ताई, लेडीज साइज येत नाही, जेन्ट्सची स्मॉल घाला’ हेच ऐकलं. ग्लव्हजची बोटं अर्धा इंच लांब असली की क्लच नीट दाबता येत नाही, हे त्यांना समजावून थकले. कंपनीनं दुकान घेतल्यावर बायकांच्या मापाचं मेश (जाळीचं) जॅकेट, एस आणि एक्सएस ग्लव्हज, आरशाची ट्रायल रूम, सगळं आलं. पंधरा दिवसांत बदलून मिळतं, तेही लेखी. माझ्या मैत्रिणींपैकी चौघींनी पहिल्यांदा पूर्ण गिअर घेतलं ते इथूनच.

एक मात्र गेलं. कॉलेजच्या पोरांना जुने मालक तीन महिन्यांत थोडे-थोडे पैसे द्यायला सांगत, ना व्याज, ना कागद. आता कार्डावर ईएमआय आहे, पण एकोणीस वर्षांच्या पोराकडे कार्ड कुठून येणार?

हिंगणा, एमआयडीसी

माझे 2,400 पॉइंट होते. नवीन अ‍ॅपवर शून्य. विचारलं तर म्हणाले, योजना आधीच्या मालकाची होती. ऑफिसच्या लोकांनी वाढदिवसाला दिलेलं 3,000 चं गिफ्ट व्हाउचर मात्र आठ दिवसांनी, दोन मेल केल्यावर मानलं.

नाव देत नाही. माझं दुकान मीच विकलं

लिहू की नको, दोन दिवस विचार केला. माझं दुकान धरमपेठेतलं नाही, पण गोष्ट तीच आहे.

लोकांना वाटतं, मालकाला मोठी रक्कम मिळाली आणि तो निघून गेला. हेल्मेटचं एक मॉडेल ठेवायचं म्हणजे चार रंग आणि पाच मापं, वीस नग. त्यातली एम आणि एल जातात, बाकीची धूळ खातात. कंपनीचा वितरक आगाऊ पैसे मागतो आणि कमीत कमी अमुक इतका माल उचला म्हणतो. तोच माल ऑनलाइन माझ्या खरेदीच्या भावाच्याही खाली दिसतो. पोरं येऊन माझ्याकडे माप घेत, दोन-तीन हेल्मेटं घालून बघत, बाहेर जाऊन मोबाइलवर मागवत. मी कुणाला मनाई केली नाही, कारण चुकीच्या मापाचं हेल्मेट घालून पोरगं पडावं, हे मला नको होतं. भाडं दरवर्षी वाढत गेलं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला यात रस नाही.

घेणारे आले तेव्हा त्यांनी माल मोजला, फर्निचर मोजलं, जागेची अनामत, ग्राहकांनी दिलेले अ‍ॅडव्हान्स, सगळ्याची यादी केली. करारात सहीसाठी बरीच पानं होती. मी कुणाला तोंडी काय कबूल केलंय, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या वेळी सुचलंच नाही, ही खरी गोष्ट आहे. आज कुणी रस्त्यात भेटून म्हणतं, ‘दादा, तुम्ही बोलला होता ना’, तेव्हा मी जमेल ते खिशातून करतो. पण सगळे भेटत नाहीत.

एक सांगतो. एप्रिल लागला की मी काळं लेदर जॅकेट विकायचंच नाही, असं ठरवलं होतं. नागपुरात 45 अंशांत ते घालून कोणी वर्ध्यापर्यंत जाणार नाही, दोनदा घालेल आणि मग कपाटात टाकेल, आणि तिसऱ्या वेळी टी-शर्टवर निघेल. आता माल वरून ठरून येतो. मागच्या वर्षी मे महिन्यात शोकेसमध्ये थंडीच्या अस्तराची जॅकेटं होती आणि रेनसूट ऑगस्टमध्ये आले. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो.

रामदासपेठ, सीए

वरचं वाचून राहवलं नाही. दादा, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, आभार. ग्राहकांसाठी कामाचं सांगतो.

दुकान ‘विकलं’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कंपनीचे शेअर विकले गेले तर कंपनी तीच राहते, तिनं दिलेली हमीही तिच्यावरच राहते. फक्त धंदा हस्तांतरित झाला, तर जुनी देणी कोणी घ्यायची हे करारावर ठरतं. तुमच्या बाबतीत काय झालं हे बिलावरून कळतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जुनं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवा. पॅन तोच असेल, तर ‘आधीच्या मालकाचं होतं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. एका माणसाच्या मालकीचं दुकान असेल तर विक्रीनंतर पॅन बदलतोच, तिथे करार बघावा लागतो.

हेल्मेट बनवणाऱ्याची छापील हमी वेगळी. दुकान कुणाचंही झालं तरी ती चालते, जुनं बिल तेवढं जपून ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते, म्हणून घेतल्या दिवशीच फोटो काढा.

नाहीच ऐकलं तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तेव्हापासून आपण राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मी स्वतः बुटाचा तळ सुटल्याची तक्रार 1915 वर केली होती, अकराव्या दिवशी पैसे परत आले.

खामला, काही वर्षं पेनसिल्व्हेनियात होतो

तिकडे हे आपल्या आधी होऊन गेलं. रेव्हझिला हे ऑनलाइन दुकान 2007 मध्ये फिलाडेल्फियात तीन रायडर मित्रांनी काढलं होतं. 2016 मध्ये ते आणि सायकल गिअर ही दुकानांची साखळी एका गुंतवणूक संस्थेखाली एकत्र आली. मला तेव्हा फायदाच झाला, जवळच्या दुकानात जाऊन माप घालून बघता येऊ लागलं.

दुकान विकणं आणि ब्रँड विकणं यात फरक आहे. डाइनीज ही रायडिंग गिअर बनवणारी 1972 ची इटलीची कंपनी. तिनं 2007 मध्ये एजीव्ही ही हेल्मेटची कंपनी घेतली. पुढे 2014 मध्ये ती स्वतः इन्व्हेस्टकॉर्प या गुंतवणूक संस्थेकडे गेली आणि 2022 मध्ये 63 कोटी युरोंना कार्लाइल या दुसऱ्या गुंतवणूक संस्थेकडे. माझं एजीव्ही हेल्मेट या सगळ्यातून गेलं, मला काही जाणवलं नाही. नवा व्हायझर घेतला तो बरोब्बर बसला. साचा तोच असेल तोवर मालक कोण, यानं हेल्मेटला फरक पडत नाही. दुकानात मात्र माणूस बदलला की सगळंच बदलतं, कारण आपण त्याच्या हातावर विश्वास ठेवून माप घेतलेलं असतं.

सीताबर्डी

काका, उस्तादाचा पत्ता द्या ना जी. माझ्याही दोन जॅकेटांच्या चेनी गेल्यात.

धरमपेठेतल्या त्या दुकानात सहा वर्षं होतो, अजूनही आहे

धागा काढणाऱ्या दादांचं वाचलं. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो.

नवी कंपनी वाईट नाही. पगार एक तारखेला होतो, पीएफ सुरू झाला, आधी नव्हता. पण आम्हाला महिन्याचं टार्गेट आहे आणि कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडचा माल आधी दाखवायला सांगतात. एखाद्याला दहा मिनिटं हेल्मेट घालून बसवलं की मॅनेजर घड्याळाकडे बघतो.

वहीबद्दल सांगायचं होतं. कॉम्प्युटरमध्ये ग्राहकाचं नाव, मोबाइल आणि ईमेल एवढेच रकाने आहेत. मापाला जागा नाही. वह्या चार होत्या, गोडाऊन रिकामं करताना रद्दीच्या खोक्यात गेल्या होत्या. मी घरी नेल्या. भाऊंना फोन केला, ते म्हणाले, ठेव, कोणी मागितलं तर सांग. ज्याचं माप त्यालाच सांगेन, फोन नंबर लिहिलेले आहेत म्हणून फोटो टाकत नाही.

धागाकर्ता

काल संध्याकाळी जाऊन आलो. तिसरी वही, जून 2021. माझ्या नावापुढे भाऊंच्या अक्षरात: 58, लांबट, डावा गाल घट्ट ठेवला. आणि शेवटच्या रकान्यात, शाई थोडी वेगळी, ‘व्हायझर 5 वर्षे’.

भाऊंना फोन लावला. ते आता काटोलला असतात. म्हणाले, मॉडेलचं नाव आणि व्हायझरवर आतून कोरलेला नंबर पाठव, मुंबईच्या वितरकाकडे जुना माल असतो, मी विचारतो. नंबर पाठवलाय. काका, उस्तादाचा पत्ता इथेच टाका, बऱ्याच जणांना लागेल.