जीपी सर्जरीत डॉक्टर सोडून सगळे भेटतात, हे असंच असतं का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. आम्ही तीन महिन्यांपूर्वी इंग्लंडला आलो, मी, नवरा आणि १४ महिन्यांची लेक. आल्या आल्या घराजवळच्या जीपी (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) सर्जरीत नाव नोंदवलं. (आईला फोनवर म्हटलं "सर्जरीला चाललेय" तर ती घाबरून रडायलाच लागली, कसलं ऑपरेशन गं, आम्हाला सांगितलं पण नाहीस! तिला समजवेपर्यंत दहा मिनिटं गेली की इथे दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात.)

तर प्रश्न असा की तीन महिन्यांत आम्हाला एकदाही डॉक्टर दिसलेले नाहीत. नवऱ्याला डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, त्याला आधी रक्त काढायला एका बाईंकडे पाठवलं, मग म्हणे नर्सची अपॉइंटमेंट येईल, गोळ्यांबद्दल विचारलं तर फार्मासिस्टचा फोन आला. लेकीच्या लसींचं विचारलं तर परत नर्स. मला दमा आहे, पंप संपत आलाय, तर रिसेप्शनिस्ट विचारते "काय होतंय?", आता हिला कशाला सांगू मी माझं दुखणं? आपल्याकडे कसं, नंबर लावला की डॉक्टर समोर. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज म्हणून माणशी वर्षाला १०३५ पौंड भरलेत, लेकीचे थोडे कमी, ते काय असं टोलवाटोलवी करून घ्यायला?

आणि पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत सहा महिन्यांसाठी, त्यांनाही शुगर आहे. त्यांचं काय करायचं? एवढ्या सगळ्यात नक्की कुठलं काम कोणाकडे असतं ते कुणीतरी नीट सांगा प्लीज.

थेम्सकाठचा

टोलवाटोलवी नाहीये ती, पण पहिल्या वर्षी आम्हालाही तसंच वाटलं होतं त्यामुळे राग समजू शकतो. इथे सर्जरी म्हणजे एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर असं नसतं. रक्त काढणं, बीपी, वजन, ईसीजी हे बहुतेक वेळा हेल्थकेअर असिस्टंट करतात. लसी, डायबेटिस, दमा, ड्रेसिंग, बायकांची स्मिअर टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) हे नर्सकडे. गोळ्यांचा हिशोब फार्मासिस्ट बघतात, पाठ-गुडघे असतील तर काही ठिकाणी फिजिओ थेट भेटतो. म्हणून डॉक्टरांपर्यंत जे पोचतं ते खरंच डॉक्टरांचं काम असतं, निदान असायला हवं.

रिसेप्शनिस्ट जे विचारते ते चौकशीखोरपणा नाही, तिला तेच शिकवलेलं असतं, कोणाला कुठे पाठवायचं ते. सगळं सांगायची गरज नाही, "बायकांचा प्रॉब्लेम आहे, लेडी डॉक्टर हवी" एवढं म्हटलं तरी चालतं, आणि अगदीच खासगी असेल तर "प्रायव्हेट आहे" सांगायचं. मी मात्र एकदा शहाणपणा करून "डॉक्टरांनाच सांगेन" म्हणालो आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. गेलो तर काय, कानात मळ.

दम्याच्या पंपासाठी डॉक्टर लागतच नाही. एनएचएस अ‍ॅप (एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा) टाका फोनवर, एकदा का तुमची औषधं रिपीट प्रिस्क्रिप्शनवर चढली की तिथून मागवा, तुम्ही निवडलेल्या फार्मसीत येऊन पडतात. रक्ताचे रिपोर्टही सहसा त्यातच दिसतात.

वैतागलेला_वसंता

हे सगळं कागदावर छान आहे हो. प्रत्यक्षात सकाळी आठला फोन लावायचा, "तुम्ही रांगेत २७ वे आहात" ऐकायचं, तोवर बस गेलेली असते, आणि नंबर लागला की "आजच्या अपॉइंटमेंट संपल्या". मग शेवटी पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी प्या. गावाकडे १०० रुपयात एक इंजेक्शन ठोकून घेतलं की दुसऱ्या दिवशी माणूस कामावर.

थेम्सकाठचा

वसंतराव, ते इंजेक्शन कसलं होतं ते कधी विचारलंत का 😄 बाकी आठच्या फोनचं खरं आहे, त्यात वाद नाही. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जरींना ऑनलाइन फॉर्म सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० चालू ठेवायला सांगितलंय, जे तातडीचं नाही त्यासाठी. तो भरा, फोनच्या रांगेत कशाला उभं राहायचं.

आणि घसा, सायनस, शिंगल्स (नागीण), कीटक चावून चिघळलेलं, बायकांना लघवीची जळजळ (१६ ते ६४ वयात, साधी असेल तर) असल्या सात तक्रारींना सरळ कोपऱ्यावरच्या फार्मसीत जा. जानेवारी २०२४ अखेरीस फार्मसी फर्स्ट ही योजना सुरू झाली तेव्हापासून गरज असेल तर ते तिथल्या तिथे अँटिबायोटिक पण देतात, जीपीची चिठ्ठी लागत नाही. लहान मुलांचा कान दुखणं, तोंडाभोवती पुरळ येऊन खपल्या धरणं, हेही त्यात आहे, तुमच्या लेकीला उपयोगी पडेल. रात्री-बेरात्री शंका आली तर १११ ला फोन करा, एनएचएसची हेल्पलाइन आहे.

सुईवाली

मी सर्जरीतच प्रॅक्टिस नर्स आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. (हो, त्या डॉक्टरकडे जाऊ न देणाऱ्या बायकांपैकी एक मीच 🙂)

सोनचाफा, आधी लेकीचं, कारण तिथे उशीर नको. आपल्याकडचं लसीकरणाचं कार्ड घेऊन ये, पूर्ण, फोटो काढलेलं धूसर नको. आपल्याकडे पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) ६, १०, १४ आठवड्यांना देतात, इथे पहिल्या लसी ८, १२, १६ आठवड्यांना, तो फरक आम्ही जुळवून घेतो, त्याची काळजी नको. खरी गंमत गोवराची आहे. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, इथे एक वर्ष पूर्ण व्हायच्या आधी दिलेला डोस धरतच नाहीत. शिवाय आपल्या सरकारी एमआरमधे (गोवर-रुबेला) गालगुंडाची लस नसते, इथल्या लसीत ती असते. त्यामुळे नर्स म्हणाली की परत दोन डोस घ्यावे लागतील तर "झालंय की आमचं" म्हणून भांडू नकोस, आठवड्यातून दोन आया तरी माझ्याशी भांडतात. जानेवारी २०२६ पासून त्याच सुईत कांजण्यांची लस पण आली आहे. बीसीजी झालेली असेल तर दंडावरचा व्रण दाखव, बस.

नवऱ्याचं. डायबेटिसची वर्षातून एकदा पूर्ण तपासणी असते आणि ती दोन खेपांत होते. आधी रक्त आणि लघवी, मग रिपोर्ट आल्यावर नर्स, तेव्हा पाय तपासतात, म्हणजे चप्पल-मोजे काढून बोटांना संवेदना आहे का, नाडी लागते का. हे टाळू नका, पुरुष मंडळी "पायाला काय झालंय माझ्या" म्हणून मोजे काढायला लाजतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सर्जरीत नसते, त्याचं वेगळं पत्र येतं आणि चष्म्याच्या दुकानातली नजर तपासणी म्हणजे ती नव्हे. आमच्याकडे ही वार्षिक तपासणी वाढदिवसाच्या महिन्यात लावतात, बऱ्याच सर्जरींत तसंच आहे, तुमच्याकडे विचारून घे.

आकडे बघून दचकू नका. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आपल्याकडे टक्क्यांत देतात, इथे वेगळ्या एककात. आपले ६.५ टक्के म्हणजे इथले ४८, ७ म्हणजे ५३. रक्तातली साखर १८ ने भागायची, आपली १२६ म्हणजे इथली ७. आणि वजनाचा काटा आपल्या लोकांना कडक आहे, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २३ च्या वर गेला की आम्ही बोलायला लागतो, गोऱ्यांना २५ पर्यंत सूट.

आता पैशाचं, जे कुणी सांगत नाही. इंग्लंडमधे प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात, पण डायबेटिसला गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सगळीच औषधं फुकट, नुसत्या शुगरचीच नाही. सर्जरीतून एफपी९२ए, म्हणजे या माफीच्या सर्टिफिकेटचा फॉर्म माग, आम्ही भरून सही करून पाठवतो. नुसत्या पथ्यावर असलेल्यांना मात्र मिळत नाही. दम्याला ती सवलत नाहीये, का ते मला विचारू नकोस, मलाही पटत नाही. तुझे वर्षाला बाराएक पंप-औषधं होत असतील तर वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (औषधांचे पैसे एकरकमी आधीच भरायचे) घे, ११४.५० पौंड, हप्त्यांनी पण भरता येतं.

आणि २५ वर्षं पूर्ण असतील तर स्मिअरचं पत्र येईल, ६४ पर्यंत येत राहतं. आपल्या बायका ते पत्र फ्रिजवर लावून ठेवतात आणि विसरतात. पाच मिनिटांचं काम आहे, सहसा बाईच नर्स असते, आणि सोबत कुणी हवं असेल तर तसं सांगता येतं.

अनुची_आई

सुईवाली ताई, एफपी९२ए चं वाचून मी खुर्चीतून उठलेच!! आमचे हे दोन वर्षं दर महिन्याला तीन औषधांचे पैसे भरतायत. सर्जरीत कुणी सांगितलं नाही, फार्मसीवाला पण मुकाट पैसे घेत होता. मागचे परत मिळतील का?

सुईवाली

मागचे मिळणं कठीण आहे, माफीच्या सर्टिफिकेटवर सुरुवातीची जी तारीख असते तिथून पुढचे. त्यामुळे आजच फॉर्म मागा. आणि सर्टिफिकेट ५ वर्षांचं असतं, संपलं की परत करायचं, त्याच्यावर तारीख असते ती बघून ठेवा, नाहीतर चुकून फुकट घेतलं म्हणून दंडाचं पत्र येतं.

थेम्सकाठचा

सासूबाईंचं राहिलं. जीपीला दाखवणं पाहुण्यांनाही फुकट आहे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवलाच पाहिजे असा नियम नाही, काही सर्जरी मागतात ती गोष्ट वेगळी. पण हॉस्पिटलचं तसं नाही. इमर्जन्सी विभागात तपासतात ते फुकट, ॲडमिट केलं की पाहुण्यांना बिल लागतं आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट. प्रवासी विमा काढताना शुगर लपवू नका, नंतर क्लेम नाकारायला तेच कारण पुरतं.

सहा महिन्यांच्या गोळ्या तिकडून आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आमच्या बाबांनी "ती गुलाबी गोळी, जेवणाआधीची" एवढंच सांगितलं होतं फार्मासिस्टला. आपल्याकडे एकात दोन-तीन औषधं असलेल्या गोळ्या असतात, तशा सगळ्या इथे मिळत नाहीत. आणि सासूबाईंना इंग्रजी जमत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागा, पैसे लागत नाहीत, बहुतेक फोनवर असतो.

वैतागलेला_वसंता

दुभाषा मराठी मिळेल का हिंदीवर भागवतील?

सुईवाली

मराठी मिळतो, पण "इंडियन" किंवा "हिंदी" असं लिहून ठेवलं असेल तर हिंदीवालाच येणार. स्पष्ट "मराठी" लिहायला सांगा. सुनेनंच भाषांतर करावं असं आम्हाला नको असतं, सासू सुनेसमोर सगळं सांगते थोडीच.

सोनचाफा

सगळ्यांचे खूप खूप आभार! आज नवऱ्याचा फॉर्म मागितला, रिसेप्शनवरच्या बाईंनी ड्रॉवरमधून काढून दिला, इतकं सोपं होतं. लेकीची बुधवारची वेळ मिळाली, आणि तुम्ही म्हणालात तसंच, गोवराचे दोन्ही परत देणार आहेत. मी भांडले नाही 🙂 नवऱ्याचं एचबीए१सी ५८ आलंय, त्याला वाटलं ५८ म्हणजे गेलोच आपण, मी त्याला साडेसात टक्के म्हणून सांगितलं तेव्हा जेवला.

एकच विचारायचं राहिलं. लघवीचा नमुना घरून आणायला सांगितलाय, कुठल्याही स्वच्छ बाटलीत चालतो ना? जॅमची छोटी बाटली उकळून ठेवलीये.

सुईवाली

अगं नाही, जॅमची नको! साखर सापडायची त्यात 😂 रिसेप्शनवर बाटली माग, फुकट देतात. सकाळची पहिली लघवी, बाटलीवर नाव आणि जन्मतारीख लिही, आणि आमच्याकडे तर दुपारी गाडी गेली की नमुने घेत नाहीत, तुमच्याकडची वेळ विचार. लेबल नसलेली रोज एक तरी बाटली येते काउंटरवर, कुणाची ते कुणालाच ठाऊक नसतं.