मदत हवी आहे: (क्ष − ३) वरखाली काटला, पण क्ष = ३ चं काय?

नमस्कार मंडळी. पुतणी आठवीत आहे, मराठी माध्यम. 'सरळ रूप द्या' मधलं हे उदाहरण:

(क्ष² − ५क्ष + ६) / (९ − क्ष²)

अवयव ती झटपट पाडते. वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (३ − क्ष)(३ + क्ष). (३ − क्ष) म्हणजे −(क्ष − ३), हेही तिला पटलंय. उत्तर आलं −(क्ष − २)/(क्ष + ३). क्ष = १ घालून ताळा केला, दोन्हीकडे १/४.

मग तिने ३ घातले. मूळ राशीत ०/०, उत्तरात −१/६! "काका, मग दोन्ही सारखं कुठंय?" −३ घातले तर मात्र दोन्हीकडे छेद शून्य. हा फरक तिला कसा समजावू? कॅल्क्युलस नको, आठवीला झेपेल असं सांगा.

प्रतिसाद:
प्रश्न झकास आहे, पोरीला गप्प करू नका! काटाकाट म्हणजे (क्ष − ३)/(क्ष − ३) च्या जागी १ लिहिणं. तो १ कधी? (क्ष − ३) शून्य नसेल तेव्हाच. म्हणजे काटतानाच अट मान्य केली, फक्त लिहायची राहिली. पूर्ण उत्तर: −(क्ष − २)/(क्ष + ३), क्ष ≠ ३, क्ष ≠ −३. यातली −३ ची अट उत्तराच्या छेदात दिसतेच. ३ ची पुसली जाते, म्हणून ती आवर्जून लिहायची.

आता कॅल्क्युलेटर द्या तिच्या हातात. मूळ राशीत २.९९ घातले की साधारण −०.१६५३, ३.०१ ला −०.१६८१. दोन्ही बाजूंनी −१/६ च्या जवळ, फक्त नेमक्या ३ वर जागा रिकामी. −३ ला अंश ३० येतो, (क्ष + ३) वर नाहीच, काटणार कशाशी? −२.९९ ला ४९९, −२.९९९ ला ४९९९. आकडा सुटतच जातो.

धागाकर्ता:
आकडे घालून बघितले, पटलं तिला. लगेच पुढचा प्रश्न: (क्ष − ३)/(क्ष − ३)² मध्येही ३ ला ०/० येतं, मग तिथेही रिकामी जागाच का?

प्रतिसाद:
नाही. एक काटला तरी खाली एक (क्ष − ३) उरतो, १/(क्ष − ३). ३.०१ ला १००, ३.००१ ला १०००. नुसतं ०/० बघून काही ठरत नाही, अवयव पाडून खाली काय उरतं ते बघायला सांगा.