पाठवलेल्या मेलची नोंद: फोनवरचे मेल सुटतात
पाठवलेल्या मेलची ओळ रोजनिशीच्या फाइलीत आपोआप कशी पडावी, असा प्रश्न होता. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या 'मेसेज-सेंट-हुक'ला (मेल गेल्यावर जोडलेलं फंक्शन आपोआप चालवणारी सोय) फंक्शन जोडलं की मेल जाताच रोजनिशीत ओळ पडते, हा वर कुणी सुचवलेला उपाय झकास. पण फोनवरून गेलेला मेल त्या हुकला कळणारच नाही, आणि आमच्या इंदुरात निम्मी उत्तरं राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्येच उरकतात! म्हणून मी मेल सर्व्हरवरचं सेंट फोल्डरच आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) वाचतो. पायथनची छोटी स्क्रिप्ट, रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय). दुबार नोंद नको म्हणून मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची वेगळी ओळख) तपासायचा.

इथे मेलचे विषय बहुधा हिंदी-मराठीत. ते आरएफसी २०४७ या ईमेलच्या मानकाप्रमाणे सांकेतिक होऊन जातात; ते उलगडणारं पायथनचं 'डीकोड-हेडर' फंक्शन लावलं नाही तर वहीत नुसती '=?' अशी जंत्री. ओळ एवढीच: '१६:४०, अकाउंट्स, बिल दुरुस्ती'. मजकूर उतरवायच्या फंदात पडू नका, फाइल उगाच फुगते.