मन्स्टर २०२०: टिपररीचा करंडक पद्धतीची कमाई की नशिबाची?

लिमरिकचा_भाडेकरू

गेलिक फुटबॉलच्या प्रांतिक स्पर्धा बंद करा, अशी ओरड आयर्लंडमध्ये दर उन्हाळ्यात होते. माझं मत उलट आहे, आणि पुरावा म्हणून मी एकच हंगाम पुढे करतो: मन्स्टर, २०२०.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. पंधरा-पंधराचे संघ. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण; दांडीवरून गेला तर २०२० च्या नियमांनुसार एक. धावफलकात आधी गोल, मग दांडीवरचे गुण लिहितात. खेळाडूंना पगार नाही, नोकरी सांभाळून खेळायचं, तेही आपापल्या काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून. मन्स्टर प्रांतात सहा काउंट्या: केरी, कॉर्क, टिपररी, लिमरिक, क्लेअर, वॉटरफर्ड. पण १९३६ ते २०१९ या काळात केरी आणि कॉर्क सोडून हा करंडक फक्त एकदा बाहेर गेला, १९९२ साली क्लेअरला. बाकी चौघांनी यायचं, हरायचं, घरी जायचं.

२०२० ला कोविडमुळे स्पर्धा थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेली. रिकामी मैदानं, पाऊस, चिखल. वेळ कमी म्हणून एरवी मिळणारी दुसरी संधीही रद्द. हरलात की संपलं.

आणि मग काय झालं बघा. उपांत्य सामन्यात केरी जादा वेळेच्या अगदी शेवटी एका गुणाने पुढे होती. कॉर्कचा एक फटका आखूड पडला, मार्क कीनने तो झेलला आणि जाळ्यात मारला. कॉर्क दोन गुणांनी विजयी, केरीचा हंगाम नोव्हेंबरच्या ८ तारखेलाच खलास. दुसरीकडे टिपररी लिमरिकविरुद्ध हरल्यात जमा होती. कर्णधार कॉनर स्वीनीने अगदी बाजूच्या रेषेवरून, जिथून मारायची कुणी हिंमत करणार नाही तिथून, चेंडू दांडीवरून घातला आणि बरोबरी साधली. जादा वेळेत टिपररी निसटती जिंकली. २२ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात कॉर्कच्या घरच्या मैदानावर, पार्क ई क्वीवमध्ये, टिपररी ०-१७, कॉर्क ०-१४. १९३५ नंतर पहिल्यांदा.

तारखेकडेही लक्ष द्या. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन-टिपररी सामना चालू असताना ब्रिटिश फौजेने गोळीबार केला. चौदा जण गेले. त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. क्रोक पार्कचा होगन स्टँड त्याच्याच नावाचा. टिपररीचा संघ अंतिम सामन्यात नेहमीचा निळा-पिवळा सोडून १९२० च्या धर्तीचा पांढरा-हिरवा पोशाख घालून उतरला होता. अंतिम सामन्याच्याच दिवशी अल्स्टर प्रांतात कॅव्हनने डोनेगलला हरवलं, आणि अखिल आयर्लंड स्पर्धेच्या, म्हणजे चार प्रांतविजेत्यांच्या, उपांत्य फेरीत १९२० चेच चार संघ जमले: डब्लिन, मेयो, कॅव्हन, टिपररी.

गटसाखळी लावा, गुणतक्ते लावा, हे होणार नाही. थेट बाद पद्धत आणि प्रांतिक करंडक ठेवलाच पाहिजे.

कोरडा_हिशेब

असहमत. गोष्ट सुरेख आहे, पण धोरण गोष्टींवर ठरत नाही.

पुढचं तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. अखिल आयर्लंड उपांत्य फेरीत मेयो ५-२०, टिपररी ३-१३. तेरा गुणांचा फरक. कॅव्हनला डब्लिनने पंधरा गुणांनी धुतलं. पुढच्या वर्षी टिपररी लीगमध्ये, म्हणजे काउंट्यांच्या वेगळ्या विभागवार स्पर्धेत, घसरून चौथ्या विभागात, म्हणजे तळाच्या विभागात गेली. आणि २०२१ च्या मन्स्टर अंतिम सामन्यात केरीने कॉर्कची ४-२२ विरुद्ध १-९ अशी सालटी काढली. लहान काउंटी उभी राहिली असं तुम्ही सुचवता, ती बारा महिनेही उभी नव्हती.

मीठभाकर

+१ हिशेबरावांना. शिवाय नशीब किती होतं तेही मोजा. मार्क कीन मुळात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारा, तिथल्या कॉलिंगवूड क्लबचा. टिपररीचा कॉलिन ओ'रिअर्डन तिथल्याच सिडनी स्वान्सचा. कोविड नसता तर ही दोन पोरं त्या महिन्यात या मैदानांवर दिसली असती का?

लिमरिकचा_भाडेकरू

@मीठभाकर, आपल्याच गावची पोरं आपल्या गावाकडून खेळली, त्यात नशीब कसलं? पोटासाठी परदेशी गेलेला मुलगा घरी असताना काउंटीसाठी उतरतो, हाच तर या खेळाचा गाभा.

@कोरडा_हिशेब, तेरा गुणांनी हरले, मान्य. पण तो सामना खेळायला मिळाला कशामुळे? प्रांत जिंकल्यामुळे.

शनिवारची_शिट्टी

मी कॉर्कमध्ये राहते, मुलगा इथल्या क्लबात अंडर-१२ खेळतो, त्यामुळे बाजूच्या रेषेवर उभं राहून ऐकलेली मतं भरपूर आहेत. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: सोडत.

त्या वर्षी केरी आणि कॉर्क एकाच बाजूला पडले. म्हणजे अंतिम सामन्यात दोघांपैकी एकच येणार, आणि दुसऱ्या बाजूने टिपररी, क्लेअर, लिमरिक, वॉटरफर्ड यांतला एक नक्की येणार, हे पहिला चेंडू उडण्याआधीच ठरलेलं. पूर्वी वर्षानुवर्षं या दोघांना मुद्दाम वेगवेगळ्या बाजूंना ठेवत. नव्वदच्या सुमारास खुली सोडत आली, १९९१ ला लिमरिक अंतिम फेरीत, १९९२ ला क्लेअर विजेते. म्हणजे दार उघडलं ते सोडतीने. बाद पद्धत तर आधीची शंभर वर्षंही होतीच की! तेव्हा कुठे गेली होती तिची जादू?

भाडेकरूंनी औषधाचं श्रेय चुकीच्या बाटलीला दिलंय.

गल्लीबोळ

हा प्रतिसाद आवडला. धागालेखकाने उत्तर द्यावं.

लिमरिकचा_भाडेकरू

सोडतीचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. सोडत खुली ठेवा आणि प्रांतही ठेवा, मी कुठे नाही म्हटलं? मात्र नुसत्या सोडतीने भागलं नसतं. दुसरी संधी असती तर केरी त्या गोलनंतर मागच्या दाराने परत आली असती.

कोरडा_हिशेब

परत आली असती तर बिघडलं काय? आणि मागचं दार फक्त बड्यांसाठी असतं हा समज कुठून आला? ते २००१ ला उघडलं. २०१६ ला टिपररीनेच त्याचा फायदा घेतला. मन्स्टरच्या उपांत्य सामन्यात कॉर्कला हरवलं, अंतिम सामना केरीशी हरले, आणि मग दुसऱ्या संधीतून डेरीला, पुढे उपांत्यपूर्व फेरीत गॉलवेला हरवून अखिल आयर्लंड उपांत्य फेरीत पोचले. तुमची पद्धत असती तर केरीशी हरल्या दिवशी बॅगा भरल्या असत्या. हीच टिपररी, हाच कॉनर स्वीनी.

आणि २०२५ चं केरी बघा. गटात मीथकडून नऊ गुणांनी सपाटून हरले, सगळ्यांनी मोडीत काढलं, आणि तेच शेवटी डोनेगलला हरवून सॅम मॅग्वायर, म्हणजे अखिल आयर्लंडचा करंडक घेऊन गेले. एका वाईट दुपारीवरून वर्षभराची मेहनत फेकून द्यायची, तीही बिनपगारी माणसांची?

विदर्भवीर_नव्हे

अवांतर वाटेल, पण रणजीचं उदाहरण इथे बसतं. विदर्भाला वर्षानुवर्षं कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. २०१७-१८ ला जिंकले, तेव्हाही लोक 'चमत्कार' म्हणाले.

कोरडा_हिशेब

बसत नाही. विदर्भ पुढच्या वर्षी परत जिंकला, २०२४-२५ ला पुन्हा जिंकला. मागे अकादमी होती, योजना होती. टिपररीत गुणी पोरगा आधी हर्लिंगची, म्हणजे आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळाची, काठी उचलतो, फुटबॉल दुय्यम. करंडकाने ते बदललं का? नाही.

शनिवारची_शिट्टी

हिशेबराव, तुम्ही करंडकाकडून फारच अपेक्षा करताय. दरवर्षी जिंकणार असाल तरच एकदा जिंकण्याला किंमत, असं असेल तर अर्ध्या आयर्लंडने खेळ सोडावा.

प्रांत ठेवावेत की नाही यावर माझं मत अर्धं-अर्धं आहे. लेन्स्टरमध्ये डब्लिनने २०११ ते २०२४ सलग चौदा वेळा जिंकलं. २०२० चा त्यांचा अंतिम सामना मीथविरुद्ध ३-२१ ते ०-९, म्हणजे टिपररी जिंकली त्याच्या आदल्याच दिवशी. तीच पद्धत, तोच आठवडा, आणि शेजारच्या प्रांतात नुसती कत्तल. तेव्हा 'पद्धत चांगली' म्हणताना हे पण मोजा.

मीठभाकर

पण २०२५ ला लाउथने लेन्स्टर घेतलंच की, १९५७ नंतर. २०१० च्या अंतिम सामन्यात मीथला शेवटच्या क्षणी जो नियमबाह्य गोल बहाल झाला होता त्याची भरपाई, तीही मीथलाच हरवून. (हो, मी वर हिशेबरावांच्या बाजूने होतो. याबाबतीत नाही.)

लिमरिकचा_भाडेकरू

आणि लाउथ दुसरी संधी असतानाच्या काळात जिंकले, हे आता हिशेबराव लगेच लिहितील, म्हणून मीच लिहितो. ठीक. 'थेट बाद' हा हट्ट मी सोडायला तयार आहे, प्रांतिक करंडक सोडायला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये लीगच्या धर्तीवर उन्हाळी स्पर्धा घ्यायचा ठराव आला होता. त्याला निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली, पण ६० टक्के लागत होती. तो पास झाला असता तर प्रांतिक स्पर्धा हंगामाच्या सुरुवातीला ढकलल्या गेल्या असत्या. फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात, पुढे कुठेच न नेणारा करंडक लाउथकरांनी तितक्याच जिवाने खेळला असता?

कोरडा_हिशेब

टिपररीने नोव्हेंबरात खेळला ना, तोही रिकाम्या मैदानात? तुमचाच धागा वाचा. माणसं महिना बघून खेळत नाहीत.

आणि माझी मागणी साधी आहे: प्रांतिक करंडक ठेवा, वेगळा ठेवा, पण त्यावरून अखिल आयर्लंडच्या जागा वाटू नका. सोळा जागा लीगमधल्या कामगिरीवर द्या. आज एखादी काउंटी सोप्या बाजूने अंतिम फेरीत पोचते, तिथे मार खाते, तरी तिला वरच्या स्पर्धेत जागा. आणि कठीण बाजूची, तिच्याहून बरी काउंटी टॅल्चन कपमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेत. सोडत नशीब ठरवते, हे शिट्टीताईंनीच सिद्ध केलंय.

शनिवारची_शिट्टी

मी सिद्ध केलं ते सोडत खुली असावी यासाठी, जागा काढून घ्याव्यात यासाठी नाही! ती जागा आहे म्हणूनच क्लेअर-वॉटरफर्ड सामन्याला लोक येतात. उद्या ती काढली तर आमच्या क्लबातल्या काकांना विचारून सांगते काय होईल ते, पण ते जे बोलतील ते इथे छापता येणार नाही.