स्लाइड घरीच राहू द्या

पहिल्यांदाच परदेशातल्या संमेलनात सत्र घ्यायचंय, स्लाइड किती कराव्यात, असं एकाने विचारलंय. माझं मत विचाराल तर एकही नको.

२०१८च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोझफेस्टला, म्हणजे फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या संमेलनाला, जोडाक्षरांवरच्या सत्रासाठी मी चाळीस स्लाइड घेऊन गेलो होतो. ओ-टू या मोठ्या घुमटाकार सभागृहाच्या शेजारची रेव्हन्सबोर्न विद्यापीठाची इमारत, गोल गोल खिडक्यांची. आत मोकळ्या मजल्यांवर टेबलं मांडून शेजारी-शेजारी सत्रं चाललेली, पलीकडचा हशा थेट आपल्या कानात. आणि प्रोजेक्टर हवा, हे मी अर्जात लिहिलंच नव्हतं!

मग कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. एकीवर क, दुसरीवर नुसतं हलन्ताचं चिन्ह, तिसरीवर ष. तिन्ही चिकटपट्टीने जोडल्या आणि खाली लिहिलं ‘क्ष’. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीतल्या अक्षर-चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तीन संकेतांक, डोळ्यांना मात्र एकच अक्षर. समोरच्या अरबी लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, आमचंही अक्षर शेजारी कोण बसलंय ते बघून रूप बदलतं. त्यांनी सरळ माझ्या हातातला मार्कर घेतला. पुढची वीस मिनिटं सत्र त्यांचंच. मी आपला चिकटपट्टी कापून देतोय. फॅसिलिटेटर, म्हणजे स्वतः न बोलता इतरांना बोलतं करणारा, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. इंग्रजीची धास्ती होती, तीही त्या गडबडीत कुठे गेली कोण जाणे.

हो, एक राहिलंच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात. मनगटावरच्या घड्याळावर विसंबून मी थंडीत बंद दारापुढे उभा.